धबधब्याआधीचा ओढा

धबधब्याला जायचं ठरलं की घरात, ऑफिसात, ग्रुपवर चर्चा सुरू होते ती धबधब्याची. किती उंच आहे, खाली भिजता येतं का, फोटो कुठून चांगला येतो, भजी मिळतात का. वाटेत ओढे किती लागतात, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. सह्याद्रीतल्या एका दिवसाच्या जंगलवाटेची सगळी गोम या न विचारलेल्या प्रश्नात आहे. सकाळी घोटाभर पाण्यातून हसतखिदळत ओलांडलेला ओढा दुपारी तीनला कमरेला लागला, तर धबधबा कितीही देखणा असला तरी तुम्ही त्याच्या आणि ओढ्याच्या मध्ये अडकलात. पावसाळ्यात पर्यटक अडकल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांतल्या बऱ्याच अशा ओढ्यांच्या असतात. धबधब्याचं नाव फक्त मथळ्यात येतं.

म्हणून आखणी ओढ्यापासून करू. उदाहरणाला रायगड जिल्ह्यातलं देवकुंड घेऊ. पुण्याहून किंवा मुंबईहून एका दिवसात होणारी, लांबीने माफक, आणि म्हणूनच हलक्यात घेतली जाणारी ही वाट आहे. ताम्हिणी घाटाच्या पायथ्याशी भिरा गाव. मुळशी धरणाचं पाणी डोंगरावरून खाली आणून इथे टाटांच्या केंद्रात १९२७ पासून वीज तयार होते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाचं हे कोकणातलं टोक. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत जातं, आणि कोलाडला रबरी होड्यांतून मंडळी ज्या पाण्यावर आरडाओरडा करत जातात ते हेच. हा इतिहास इथे सांगण्याला कारण आहे. केंद्रातून पाणी सोडलं की खालच्या पात्रातली पातळी पावसाचा थेंब न पडताही वाढते. तेव्हा गाडी लावल्यावर ‘जरा नदीत पाय बुडवून येऊ’ हा कार्यक्रम भिऱ्यात रद्द समजा.

गावातून निघालेली वाट आधी जलाशयाच्या कडेने, जवळजवळ सपाटीने जाते. हा टप्पा फसवा आहे. पोरं धावतात, मोठ्यांच्या गप्पा रंगतात आणि ‘एवढंच चालायचंय होय’ असं वाटायला लागतं. मग रान दाट होतं, ओढे आडवे येतात आणि शेवटच्या भागात मुळांतून, दगडगोट्यांतून चढ लागतो. एका बाजूने पाच-सहा किलोमीटर. शेवटी कड्यांच्या बेचक्यात धार कोसळते आणि खाली गोल, खोल डोह. कुंडलिकेचा उगम इथला मानतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे कधी जायचं. लोकांना वाटतं धबधबा म्हणजे जुलै. माझं मत उलट आहे. रस्त्यालगतचा, कठड्यामागून बघायचा धबधबा जुलैत बघा. ज्याच्यापर्यंत रानातून चालत जायचं, तो सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून पुढे. गणपती गेले, पाऊस ओसरला की धार बारीक होते हे खरं. पण पाणी निवळतं, डोहाचा तळ हिरवा-निळा दिसायला लागतो, वाटेवरचं शेवाळ सुकू लागतं आणि ओढे आपल्या मापात येतात. सोनकी फुललेली असते, ती वेगळीच. जुलैतल्या देवकुंडात तुम्हाला दिसणार ते धुकं, गढूळ पाणी आणि पुढच्या माणसाची पाठ.

शिवाय जुलैत ते बहुतेक वेळा बंदच असतं. डोहात आणि ओढ्यांत झालेल्या मृत्यूंनंतर प्रशासन पावसाळ्यात देवकुंडावर मनाई आदेश काढत आलं आहे. पूर्वी ज्याला सगळे ‘एकशे चव्वेचाळीस’ म्हणत, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. आदेश कुठल्या तारखेपर्यंत आहे, कुठल्या ठिकाणांना लागू आहे, हे दर वर्षी बदलतं. म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या मित्राची माहिती चालत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाचं पत्रक शोधा किंवा सरळ स्थानिक पोलिस ठाण्यात फोन करून विचारा. वैतागून का होईना, उत्तर मिळतं. ‘बंदी आहे पण मागच्या वाटेने नेतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला नमस्कार करून परत फिरा. त्या मागच्या वाटेवर ओढा पुढच्या वाटेपेक्षा कमी नसतो.

गोव्यात जाणाऱ्यांनीही हे आधी बघावं. तिथले बरेचसे धबधबे अभयारण्यांच्या हद्दीत आहेत आणि २०२३ च्या जुलैत बुडण्याच्या घटनांनंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली होती. दूधसागरला रेल्वेचे रूळ धरून चालत जाणं तर मुळातच गुन्हा आहे. त्याच महिन्यात तसे गेलेल्या हौशी मंडळींना रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत सगळ्या देशाने पाहिली. ऑक्टोबरात कुळ्याहून जीप सुरू होतात, तोवर थांबावं.

तारीख ठरली, आता पाऊस बघायचा. इथे नव्वद टक्के लोक चुकीच्या गावाचा पाऊस बघतात. निघायच्या गावी ऊन पडलंय का, पायथ्याला रिमझिम आहे का, याला फारसा अर्थ नाही. तुमच्या ओढ्याला पाणी येतं ते घाटमाथ्यावरून. भिऱ्यात कोरडं असताना वर ताम्हिणीत कोसळत असू शकतं, आणि उतार इतका उभा की वरचं पाणी तासाभरात, कधी त्याहूनही लवकर खाली पोचतं. ताम्हिणी म्हणजे किती पाऊस, याचा अंदाज हवा असेल तर २५ जुलै २०२४ च्या सकाळी मोजलेला आकडा बघा. चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर. पुणे शहरात अख्ख्या वर्षात सरासरी सातशेच्या आसपास पडतो.

हवामान खात्याचे रंग बहुतेकांना ठाऊक असतात, त्यामागचे आकडे नसतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की तो ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’, आणि २०४.५ च्या पुढे त्याहून वरचा, शेवटचा वर्ग. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पुणे जिल्ह्याच्या अंदाजात घाटमाथ्याचा इशारा शहरापासून वेगळा दिलेला असतो, तो वाचा. देवकुंडासाठी रायगड आणि पुण्याचा घाटमाथा, दोन्ही बघायचे. दोहोंपैकी एकीकडे जरी नारिंगी असेल तर बेत पुढे ढकला. पिवळा असेल आणि वाटेत ओढे असतील, तरीही मी घरीच बसेन. तुम्ही हवं तर रस्त्यालगतचा धबधबा बघून या. आदल्या दोन दिवसांचा पाऊसही विचारात घ्या. भिजून तुडुंब झालेल्या डोंगरावर थोडाही पाऊस लगेच वाहून खाली येतो.

ऑक्टोबरचं गणित जरा निराळं. सकाळ लख्ख असते, दुपारी अडीच-तीनला ढग दाटतात आणि परतीचा पाऊस विजांसकट येतो. त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप फोनवर घ्या. तुमच्या भोवतालच्या विजांची सूचना ते देतं. रानात रेंज गेली की ते गप्प होतं, हेही लक्षात ठेवा.

यातून निघण्याची वेळ ठरते, आणि ती मागून पुढे मोजायची. दुपारी साडेतीन-चारपर्यंत पूर्ण पार्टी गावात परत हवी. उतरायला अडीच तास धरा, म्हणजे एक वाजता धबधबा सोडायचा. तिथे तास-दीड तास बसायचं असेल तर साडेअकराला पोचायला हवं, म्हणजे गावातून साडेआठ-नऊला चालायला लागायचं. पुण्याहून ताम्हिणीमार्गे भिरा शंभर किलोमीटरच्या आसपास, मुंबईहून कोलाडमार्गे दीडशेच्या आसपास; घाट, धुकं आणि नाश्ता धरून तीन ते चार तास. घरातून पाचला निघायलाच हवं. ‘सातला भेटू’ असं ग्रुपवर ठरलं असेल तर देवकुंड सोडा, ताम्हिणीत चहा पिऊन या. सपाट रस्त्यावर माणूस तासाला पाच किलोमीटर सहज चालतो, पण ओल्या जंगलवाटेवर, मुलंबाळं आणि फोटोवाले धरून, अडीच किलोमीटर झाले तरी खूप. फोनच्या घड्याळात एकचा गजर लावून ठेवा आणि तो वाजला की जो कोणी ‘अजून दहा मिनिटं’ म्हणेल त्याची सॅक उचलून चालायला लागा.

आता ओढा. ओढ्याशी पोचलात की लगेच पाय टाकू नका, उभे राहा. पाण्याच्या काठाशी एखादा ठळक दगड हेरा आणि पाणी त्याच्या कुठल्या रेषेला टेकलंय ते फोनवर टिपून ठेवा. परतताना तोच दगड बघायचा. पाणी कुठवर आलंय ते आठवणीवर सोडू नका, फोटोत दिसतं. मग ओलांडायची जागा. आपल्याला अरुंद जागा आवडते, चार पावलांत पार होईल म्हणून; पण तिथेच पाणी खोल आणि जोरकस असतं. पसरट, उथळ, खळाळणारी जागा शोधा, आणि ओलांडण्याआधी खालच्या अंगाला काय आहे ते बघा. पाय सुटला तर वाहून कुठे जाल? खाली उतरण, कडा किंवा अडकलेला झाडोरा असेल तर ती जागा नको.

पाणी घोट्याला असेल तर चला. पिंढरीपर्यंत काठीच्या आधाराने, एकेक पाऊल, तोंड प्रवाहाकडे तिरकं ठेवून. गुडघ्याला लागलं की मागे फिरायचं. गुडघ्याचा हा नियम भित्र्यांसाठी केलेला नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा पायावरचा रेटा चौपट होतो, आणि गुडघ्याच्या वर तो रेटा मांडीवर बसतो, तिथे ऐंशी किलोचा गडीही उचलला जातो. बूट काढू नका. अनवाणी पायाला शेवाळलेला दगड कळतो पण पकड मिळत नाही. सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती टाकून देता येईल. एकमेकांना दोरीने बांधून ओलांडणारे लोक पाहिलेत. ते करू नका, एक पडला की बाकीचे त्याच्यामागे जातात आणि दोरी दगडात अडकली तर माणूस पाण्याखाली धरला जातो. गरजच असेल तर दोघा-तिघांनी एकमेकांचे खांदे धरून, प्रवाहाच्या दिशेने ओळ करून, सर्वांत दणकट माणूस वरच्या अंगाला ठेवून हळूहळू सरकायचं. तेही पिंढरीच्या पाण्यात.

लोंढा येण्याआधी ओढा थोडं बोलतो. स्वच्छ पाणी अचानक चहासारखं लाल होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागतात, वरून खोल घुमल्यासारखा आवाज येतो. यांतलं एक जरी जाणवलं तरी पात्रातून काठावर, आणि काठावरून आणखी वर चढा. सामान राहू द्या. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली माणसं पाण्याच्या मधोमध खडकावर उभी होती. बघता बघता पाणी वाढलं आणि पाच जण वाहून गेले. ते कुठला कडा चढत नव्हते, डोहात उडी मारत नव्हते. फक्त पात्रात उभे होते. पाण्यात बसून डबा खाणं, पाण्याच्या मधल्या दगडावर घोळका करून फोटो काढणं, हे म्हणून पावसाळ्यात वर्ज्य.

आणि अडकलातच तर? अडकणं ही आपत्ती नाही, अडकल्यावर घाई करणं ही आहे. सह्याद्रीतले हे ओढे छोट्या पाणलोटाचे. जसे चढतात तसेच वरचा पाऊस थांबला की काही तासांत उतरतात. उंच, मोकळ्या, कड्यापासून आणि एकट्या उंच झाडापासून दूर जागी सगळे एकत्र बसा, कोरडे कपडे घाला, खाऊन घ्या, वाट बघा. रेंज असेल तर ११२. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांनी मिळून चालवलेलं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, त्याचा मदत क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये साठवून ठेवा. ही मंडळी आपले कामधंदे टाकून, बहुतेक वेळा विनामोबदला, रात्री-अपरात्री येतात. अंधारात, चढत्या पाण्यात दोरी टाकायची वेळ त्यांच्यावर आपल्यामुळे येऊ नये.

वाटाड्या घ्या. यावर माझं मत ठाम आहे. ‘वाट तर मळलेली आहे, जीपीएस आहे, कशाला पैसे?’ असं म्हणणारे एक दगड विसरतात. तोच, ज्याच्यावर पाणी आलं की परतीचा ओढा बंद होतो. तो दगड कुठला, हे भिऱ्याच्या माणसाला ठाऊक असतं, नकाशाला नसतं. गावात काका किंवा मामा म्हणून कुणालाही विचारा, आदल्या दिवशी फोन करून ठरवा आणि पैसे किती ते निघण्याआधी बोलून घ्या, घासाघीस न करता. तो ‘आज पुढं नको’ म्हणाला तर तिथेच थांबायचं. पैसे तरीही पूर्ण द्यायचे. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण अर्धी मजुरी कापली जाणार असेल तर पुढच्या वेळी तो नको म्हणायला कचरेल. जेवणाचंही जाताना सांगून ठेवा. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, कुणाकडे सुकट. परतल्यावर गरम मिळतं आणि चार पैसे गावात राहतात. त्याच घरी बायकांना ओले कपडे बदलायला खोली आणि संडास मिळेल का, हेही आधीच विचारून ठेवा. वाटेवर तशी सोय नाही आणि अनेक जणी या एका कारणाने दिवसभर पाणी पीत नाहीत, मग दुपारी चक्कर येते.

डोहाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ओढे पार करून पोचलेली माणसं तिथे सावधपणा सोडतात. दख्खनचा कातळ म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. काही कठीण, काही ठिसूळ. शतकानुशतकं पडणारी धार खालचा थर कोरत जाते, म्हणून काठावर गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलाला पुरुष-दोन पुरुष, असा प्रकार असतो. उतरती पायरी नसते. धारेच्या पायाशी पाणी आत खेचलं जाऊन फिरत राहतं. शिवाय तिथल्या पांढऱ्या फेसात हवा इतकी मिसळलेली असते की त्या पाण्यात अंग तरंगत नाही. विहिरीत, तलावात पट्टीचा पोहणाराही तिथे खाली जातो. भरीला गारठा. उन्हातून घामाघूम होऊन आलेल्या माणसाने एकदम उडी घेतली की धाप लागते आणि पहिल्याच श्वासाला पाणी नाकात. देवकुंडच्या डोहात उतरायला मनाई असते ती या कारणांनी. काठावर बसा, ओंजळीने तोंडावर पाणी घ्या, तुषार अंगावर येतातच.

धारेखाली डोकं धरायचा मोह होतो. वरून फक्त पाणी येत नाही, सुटलेले दगड येतात, कधी लाकडं येतात. मुठीएवढा दगडही त्या उंचीवरून पुरेसा आहे. कड्याच्या पोटात आग्या माश्यांची पोळी लोंबताना दिसली तर आवाज करू नका, धूर करू नका, ड्रोन तर अजिबात उडवू नका. आणि मुळात भडक अत्तर मारून रानात येऊ नका. धबधब्याच्या माथ्यावर, जिथून पाणी खाली पडतं त्या कडेला, कुठल्याही कारणाने जायचं नाही. तिथला खडक ओल्या साबणासारखा असतो. २०२४ च्या जुलैत माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत कोसळून गेली, सुमारे तीनशे फूट. ते अंतर फोनच्या पडद्यावर दिसत नाही.

सामानाचं फार अवडंबर नको. खोल खाचांचे रबरी तळवे असलेले, पायात बसलेले बूट. नवे कोरे नकोत, चपला-सँडल नकोत, गमबूट तर नकोतच, आत पाणी भरलं की पाय उचलत नाही. जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही, पातळ ट्रॅकपँट घाला. रेनकोट कितीही भारी असला तरी आतून घामाने भिजणारच, तेव्हा खरी काळजी सॅकच्या आतल्या कोरड्या जोडाची: एक मोठी जाड प्लॅस्टिक पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी घाला आणि सगळं त्यात. वरून घालायची ती रंगीत कव्हरं ओढ्यात निघून जातात. शिट्टी, टॉर्च (फोनची नव्हे, वेगळी), पॉवर बँक, ज्याची त्याची औषधं, क्रेप बँडेज. दोन लिटर पाणी माणशी. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर गुरं चरत असतात. खायला दशम्या, धपाटे, चटणी, शेंगदाणे-गूळ, खजूर. वेफर्स नकोत: पोट भरत नाही, तहान लागते आणि शेवटी ते पाकीट रानात उरतं. साबण-शांपू डोहात वापरणारा माणूस दिसला तर त्याला सांगा, हे पाणी खाली कुणाच्या तरी हंड्यात जातं. दारूबद्दल एकच वाक्य: ती घेऊन येणारा सोबती या सहलीला नको.

जळवांचा बाऊ होतो. भीमाशंकर, कोयनेच्या रानात त्या पुष्कळ. लागली तर नखाने सरकवून काढा, जखम धुवा, इतकंच. सापांची सावधगिरी जास्त गरजेची. आधारासाठी झुडपाला हात घालण्याआधी बघा, हिरवा चापडा पानांत दिसत नाही. चावलाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही न करता, माणसाला शक्य तितकं न चालवता, १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. आणि एक गोष्ट जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही: कोकणात पावसाळी चिखलपाण्यातून लेप्टो होतो. पायाला जखम असेल तर ती नीट झाकून जा, आणि सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना चिखलातून चालल्याचं आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

कुणाला नेऊ नये, हेही स्पष्ट लिहितो. गुडघे धरलेले, हृदयाचं दुखणं असलेले, गरोदर बाई, पाच-सहा वर्षांखालची पोरं. आणि ज्याला दोन जिने चढल्यावर दम लागतो तो तरुणही. त्यांच्यासाठी धबधबे कमी नाहीत. साताऱ्याजवळ ठोसेघरला बघायला बांधीव जागा आहे, भंडारदऱ्याजवळ प्रवरेवरचा रंधा आहे, आंबोलीचा मोठा धबधबा तर रस्त्यालाच लागून, कणकवलीजवळचा सावडाव पसरट आणि कमी उंचीचा. गोव्यात तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळापर्यंत गाडी जाते. वनखातं धबधब्याकडे सोडत नसेल त्या दिवशी कदंबांच्या काळातलं ते देऊळ पाहून यायला काय हरकत आहे? आजी-आजोबांना घेऊन देवकुंडला गेल्याचं कौतुक सांगणारे भेटतात. आजी-आजोबांना कुणी विचारलेलं नसतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी करा. घाटमाथ्याचा इशारा बघा. वाटाड्याला फोन करून ‘ओढा कसा आहे’ एवढंच विचारा. घरी एका माणसाला गावाचं नाव, वाटाड्याचा नंबर आणि ‘पाचपर्यंत आमचा फोन आला नाही तर इथे फोन कर’ असं लिहून द्या. भिऱ्याच्या पुढे रेंजचा भरवसा नाही. आणि रजा टाकता येत असेल तर आठवड्याच्या मधला दिवस घ्या. शनिवार-रविवारी अरुंद वाटेवर रांग लागते, ओढ्याशी गर्दी तुंबते, आणि एकला निघालेली पार्टी अडीचलाही तिथेच उभी असते.